देवरावजींचं चुकलेलं उत्तर

बंधूंनो, भगिनींनो, आणि नेरहून आलेल्या देवरावजींच्या मुला, विलास, तुलाही जय ख्रिस्त.

अशा शोकसभेत बोलणं जड जातं, असं म्हणायची पद्धत आहे. मला बोलणं जड जात नाही. मी शाळेत बाई होते, जन्मभर बोलतच आले. आज खरं बोलणं जड जातंय.

देवरावजी शांत होते, प्रेमळ होते, असं माझ्याआधी चार जण सांगून गेले. चौघांपैकी एकानंही त्यांना कधी आपल्या बाकावर बोलावलं नाही. मीही नाही. तेव्हा रुमाल जरा खाली ठेवा आणि ऐका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवरावजी बोरी अरबचे. शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या तिथल्या सोसायटीत कारकून होते. बायको सिंधूताई गेल्या, आणि त्यानंतर हा माणूस दर रविवारी एस.टी.नं इथं चर्चला यायला लागला. तीन वर्षं आला. दाराजवळ, आपल्या चपलांशेजारी बसायचा. त्यांना बाप्तिस्मा हवा होता. आणि बाप्तिस्म्याचा वर्ग घेते मी.

तुम्ही काय म्हणत होते ते आठवते का? "म्हातारा नाताळच्या जेवणासाठी येते." कोण म्हणालं ते सांगत नाही, दुसऱ्या रांगेत मान खाली गेलीच आहे. मी तर त्यांना तोंडावर विचारलं. "देवरावजी, काहून येता जी तुम्ही इथं?"

ते म्हणाले, "मॅडम, सिंधूशी मी लय वाईट वागलो. हात उचलला तिच्यावर. माफी मागाची अक्कल आली तं ती उरली नाही. तुमच्याइथं तिच्या वतीनं कोणी माफी देते म्हणतात. म्हणून येतो."

विलास, तुझ्या वडिलांनी हे कबूल केलं होतं. चाळीस माणसांसमोर. आपल्यापैकी कोणी घरातलं असं काही इथं बोललं आहे का? मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "ठीक आहे. आधी प्रश्नोत्तरं पाठ करा."

माझ्या वर्गाचा नियम साऱ्यांना माहीत आहे. उत्तर आलं तर बसायचं, नाही आलं तर उभं राहायचं. मी विचारलं, "तारण म्हणजे काय?" पुस्तकातलं उत्तर एका ओळीचं आहे. पापापासून सुटका आणि सार्वकालिक जीवन. देवरावजी उठले आणि म्हणाले, "तारण म्हणजे गहाण, मॅडम. सोसायटीत जन्मभर तेच कागद लिहिले. आपली सगळ्यात जवळची वस्तू दुसऱ्याच्या तिजोरीत."

काय हसलो आपण! पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या. पाळकसाहेब हसले. मी सर्वांत मोठ्यानं हसले आणि त्यांना उभं ठेवलं. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखत होते, तासभर भिंतीला हात लावून उभा राहिला.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर. मी चिडले. "अहो, एक ओळ पाठ होत नाही का?"

"पाठ हाये मॅडम. पण मनात जे हाये तेच सांगून राह्यलो. मी स्वतःले त्याच्या तिजोरीत ठेवलं. अन् मले सोडवून नाही घ्याचं."

ऐकलं? सोडवून नाही घ्यायचं. यापेक्षा मोठं उत्तर मी या इमारतीत ऐकलेलं नाही, आणि ते मी चूक म्हणून फेटाळलं. नापास. उभे राहा.

मागच्या महिन्यात ते दवाखान्यात होते. दुपारी भेटायला गेले. नाकात नळी, आवाज अगदी बारीक. मला पाहून उठून बसायला गेले. म्हटलं, पडून राहा. तर पडल्या पडल्या हात जोडून म्हणाले, "पापापासून सुटका आणि सार्वकालिक जीवन." एक शब्द चुकला नाही. मग विचारलं, "आता तरी होते का जी?"

उशाशी पाण्याची बाटली होती, बाप्तिस्म्याला तेवढं पाणी पुरतं. पाळकसाहेब फोनवर मिळाले असते. मी काय म्हटलं ते ऐका. मी म्हटलं, "नुसतं पाठ करून चालत नाही देवरावजी, मनापासून पाहिजे."

मनापासून बोलले तेव्हा पाठ नाही म्हणून नापास केलं. पाठ म्हटलं तेव्हा मनापासून नाही म्हणून नापास केलं. त्यांनी मान हलवली. "बरोबर हाये मॅडम," म्हणाले. शेवटपर्यंत माझंच बरोबर होतं. दोन दिवसांनी ते गेले.

विलास इथं आला होता. त्याची स्वतःची श्रद्धा वेगळी, तरी म्हणाला, बाबाले तुमच्याच मातीत ठेवा, त्यायची इच्छा होती. आपल्या मंडळीच्या पंचांनी ठरवलं, बाप्तिस्मा नाही तर कब्रस्तानात जागा नाही. निरोप माझ्या हातून गेला. विलासनं गावी अग्नी दिला, योग्यच केलं. आणि आज आपण हार घातलेला फोटो मांडून बसलो आहोत. राख झालेल्या माणसाला जागा लागत नाही, तेव्हा आपलं मन मोठं होते.

मी माफी मागणार नाही. ज्यांच्याकडे मागायची ते उरले नाहीत. हे देवरावजींनीच मला शिकवलं, आणि तेव्हा मी पाठांतर मागत होते.

आता दोन मिनिटं शांतता. ती माझ्या वर्गाच्या नियमानं पाळू. प्रश्न तोच आहे. तारण म्हणजे काय? पुस्तकातली ओळ नको. ज्याच्याजवळ स्वतःचं उत्तर असेल त्यानं खुशाल बसून राहावं.

मी उभीच आहे.

पाळकसाहेब, तुम्ही? हां. दुसरी रांग? उठा जी, उठा. मागचेही उठा.

देवरावजी, तुम्ही बसा.