पावण्यांची खोली

सुमय्या : भाई, पाहुण्यांच्या खोलीला कडी बाहेरून का?

भाई : हा प्रश्न तुझा नाही. गेटापाशी त्या दोघी ओढणीत तोंड खुपसून हसतायत, त्यांनी पाठवलंय तुला.

सुमय्या : सोनल नि दीपिकाने पैज लावली, खरंय. म्हणाल्या, भाईंना विचारायची तुझी छाती नाही. विचारलं! आता उत्तर द्या.

भाई : दीडशे वर्षांची चिऱ्याची इमारत आहे ही. आमच्या समितीने खपून जपलीय. बोर्ड वाच आणि चालती हो. 'गोऱ्या साहेबाचा बंगला. डावीकडे पाहुण्यांची खोली.'

सुमय्या : वाचलाय. साहेब पाहुण्यांना कोंडायचा? आणि ही खिडकी बघा, माझं डोकंसुद्धा जात नाही हिच्यातून.

भाई : मेहबूब! तुला वॉचमन म्हणून ठेवलंय, की मुलीची वकिली ऐकवायला?

मेहबूब : सुमय्या, गप रव. भाई, चेडू ता. चुकला.

सुमय्या : काय चुकला, अब्बा? तुमीच सांगलास ना, ह्यो बंगलो नाय, मिठाचो नाको होतो?

भाई : कागद दाखव कागद! मी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून नाव लिहिलंय. सगळे एका सुरात म्हणाले, 'पावण्यांची खोली.'

सुमय्या : आणि सांगताना हसत नव्हते? भाई, गोऱ्या सरकारचा मिठावर कर होता; खाडीकाठचं मूठभर मीठ उचललं तरी नाक्याचे शिपाई धरायचे आणि इथे कोंडायचे. आमच्या पणजीने, हमझा पणजोबांच्या बायकोने, बांगडे खारवायला पदरातून मीठ नेलं. तीन दिवस ह्या खोलीत होती. कुणी विचारलं, हमझाची बायल खंय? तर घरचे सांगायचे, साहेबाकडे पावणी गेली! थट्टा होती ती. तुम्ही रंगवून बोर्डावर लावलीत.

भाई : थट्टेवर इतिहास चालत नाही. शिवा सुतार जेवून येतोय, हे दार आजच निघेल. नवं सागवानी बसेल, कडी आतून. दिवाळीपासून पर्यटक राहणार इथे. त्यांच्यासमोर हिने तोंड उघडलं तर, मेहबूब, चाव्या माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि घरी बसायचं.

खतिजा : डबो घेवन इल्लंय, सगळा आयकलंय. सुमय्या, चल घराक. तुझ्या पणजीक सोडवूक कोण इल्लो नाय. तुझ्या अब्बाची नोकरी वाचवूक कोण येतलो?

सुमय्या : अम्मी, दार गेलं की पुरावा गेला. मग पणजीही खोटी, मीही खोटी.

भाई : मग? जमलं की. नीघ आता.

(सुमय्या खोलीत शिरते.)

मेहबूब : खंय चललंस? भायर ये आधी!

खतिजा : गो, शाना होव नको! सोनल बघता, दीपिका बघता, लोक जमतत!

सुमय्या : जमूंदेत. अब्बा, अम्मी, मी आज घराक येवचंय नाय. शिवाकाकांका दार काढूचा आसात तर आधी माका भायर काढूक व्हया. म्हणजे भायरची कडी उघडूक व्हयी, सगळ्यांच्या म्होरं. मगे सगळेच बघतले, हय माणसां कोंडीत होते.

भाई : मेहबूब, तिला ओढून काढ!

सुमय्या : अब्बा, तुमच्या आजीचीच खोली आसा ही. कडी घाला. भायरसून.