मोठा बी, छोटा बी

नाही, नाही, बसा — तुमचा प्रश्न काही चुकीचा नाही. नवा सर्व्हर आणलात, तर त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम कुठली टाकायची हे तुम्ही विचारणारच, कामच आहे ते तुमचं. मी त्या खिडकीकडे बघत राहिलो ते वेगळ्या कारणानं. मागच्या वेळीही हाच प्रश्न आला होता आणि उत्तर मी दिलं होतं. म्हणजे हॉस्पिटलच्या समितीनं दिलं — पण समितीत दोन डॉक्टर आणि मी, डॉक्टर दोघंही घड्याळाकडे बघत बसलेले, कॉम्प्युटरमधलं कळणारा काय तो मी. म्हणजे मीच की.

तेव्हा इथे ताई होत्या. त्या खिडकीजवळच्या टेबलावर. या लॅबचं सगळं अॅप्लिकेशन त्यांनी एकटीनं लिहिलेलं — रक्ताचा नमुना आला की त्याला नंबर, मशीनमधले आकडे त्या नंबराच्या फायलीत, फायलीतून रिपोर्ट, रिपोर्ट वॉर्डात. नऊ वर्षं विनातक्रार चाललं. लिनक्स या सिस्टिमवर. मी त्यांचा साहेब म्हणून नंतर आलो, वयानं लहान, कामानं त्याहून लहान. आणि लिनक्स मला येत नव्हतं. हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही, तुम्हाला का सांगतोय कोण जाणे. त्यांच्या काळ्या पडद्यावर ओळी पळायच्या आणि मी मागे उभा राहून मान डोलवायचो. एकदा त्या म्हणाल्या, साहेब, तेवढी एक कमांड तुम्ही द्या, मी आत केबल बघते. माझी बोटं कीबोर्डवर तशीच. त्या आल्या, स्वतः टाइप केलं आणि परत आत गेल्या. हसल्या नाहीत हो. हसल्या असत्या तर परवडलं असतं.

मग सर्व्हर जुना झाला, बदलायचा ठरला. मी समितीसाठी टिपण लिहिलं — सगळी सिस्टिम एकाच माणसाच्या डोक्यात आहे, ती आजारी पडली तर काय करायचं? लिनक्स जाणणारी माणसं इथे चटकन मिळत नाहीत. विकतच्या सिस्टिमला निदान फोन उचलणारं कुणी असतं. यातला एकही मुद्दा खोटा नाही, आजही तुम्ही तपासून बघा. तेच तर दुखतं — खोटं लिहिलं असतं तर खोटं लिहिलं एवढं तरी म्हणता आलं असतं. खरं कारण तेवढं लिहिलं नाही, बस.

ताई भांडल्या नाहीत. अॅप्लिकेशन नव्या सिस्टिमवर नीट तपासायला तीन महिने मागितले, मी तीन आठवडे दिले. का? कारण डॉक्टरांना तारीख सांगून बसलो होतो. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला एक कागद आणून दिला, हातानं लिहिलेला. त्यात होतं की वॉर्डातल्या नमुन्यांच्या नंबराआधी आपण इंग्रजी मोठा बी लावतो, बाहेरून आलेल्यांना छोटा बी. लिनक्सला मोठा बी दोनशे चौदा आणि छोटा बी दोनशे चौदा या दोन वेगळ्या फायली. नवी सिस्टिम मोठं-छोटं मानत नाही, तिला दोन्ही एकच, मागून आलेली फाईल आधीचीवर बसेल. सगळे नंबर बदलून घेईपर्यंत थांबा. तुम्हाला ठाऊक असणार हे, तुमच्यासाठी बाराखडी आहे ती. मी वाचलं. वाचलं नाही असं नाही, नीट वाचलं. म्हटलं, बघतो. आणि मनात म्हटलं, चालली पुन्हा मला शिकवायला.

नवी सिस्टिम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक माळी आला होता, या समोरच्या बागेतलाच. पाय सुजलेले. एक दिवस वॉर्डात ठेवला, म्हणून त्याचं रक्त मोठ्या बीत. त्याच दुपारी एका शिक्षिकेचं बाहेरून आलं, छोट्या बीत, नंबर तोच. तिची तब्येत ठणठणीत. तिचे आकडे याच्या आकड्यांवर बसले आणि माळ्याच्या रिपोर्टवर नाव त्याचं, मूत्रपिंडं तिची. डॉक्टर म्हणाले, काही नाही, उभं राहून काम करता ना, म्हणून सूज. तो हसत घरी गेला. बाराव्या दिवशी स्ट्रेचरवरून आला. वाचला. पण आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर असतो. डॉक्टर म्हणतात, आधी कळलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं, सांगता येत नाही. हे 'सांगता येत नाही' घेऊन मी रोज कामाला येतो. अशा आणखी नऊ जोड्या सापडल्या, त्यातून काही वाईट झालं नाही, नशीब त्यांचं.

चौकशी झाली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा धोका आधी कुणाच्या लक्षात आला होता का? ताई म्हणाल्या, "मी साहेबांना लिहून दिलं होतं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "असा कागद आलेला मला तरी आठवत नाही."

झालं. एवढंच वाक्य. त्यांच्याकडे प्रत नव्हती — विश्वासानं दिलेल्या कागदाची प्रत कोण ठेवतं? त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, आपण एखाद्याचा चेहरा ओळखतोय का हे बघावं तसं. प्रोग्रॅम त्यांचा, म्हणून चूक त्यांची ठरली. महिन्याभरानं राजीनामा दिला. कागद? होता ना. या खणात होता. मी घरी नेला आणि — फाडला. हो. बायकोनं विचारलं काय आहे, म्हटलं जुनं बिल.

मागच्या वर्षी बसथांब्यावर भेटल्या. मीच तोंड चुकवत होतो, त्याच समोर आल्या. कसे आहात विचारलं नाही. माळी कसा आहे विचारलं. दर महिन्याला त्याला बघायला जातात म्हणे, गेल्या दोन वेळा जमलं नव्हतं. मी म्हटलं, बरा आहे. मला काय ठाऊक? मी एकदाही गेलेलो नाही, आणि तो याच इमारतीत असतो, दोन मजले खाली, सोमवार आणि गुरुवार. मग बस आली.

नाही, सांगितलं नाही. कुणालाच नाही. आता काय उपयोग — असं नका बघू माझ्याकडे. तुम्ही नवीन आहात, नोकरीत असं असतं.

बरं, लिनक्स टाका. माझ्याकडे एक जण आहे ते जाणणारा, मी नाही. सुचवलं कुणी, असा रकाना आहे तुमच्या फॉर्मवर? तिथे ताईंचं — नको. माझंही नको. कोरा राहू द्या, मी भरतो नंतर. तुम्ही निघा आता, मला काम आहे. आणि दार ओढून घ्या.