पहिलं पाणी ओतावं की प्यावं?

या, बसा मंडळी. खांबापलीकडच्यांनी जरा अलीकडं सरका, तोंड दिसलं म्हणजे मलाही बोलायला बरं. आज आधी तुम्हालाच एक विचारतो. घरातल्या मोठ्या माणसानं एक रीत घालून दिली. आपण ती पाळतो, वर्षानुवर्षं पाळतो. आणि एक दिवस कुणीतरी विचारतं — हे का करता हो? तर सांगा, असं विचारणं म्हणजे त्या मोठ्या माणसाचा अपमान, की आदर?

अपमान म्हणणारे माना हलवताहेत. आदर म्हणणारे शेजारच्याकडं बघताहेत. आणि आमचे पेटीवाले दोन्हीकडं मान हलवतात — त्यांना सगळ्यांच्या सुरात सूर मिळवायची सवय!

असू द्या. मी उत्तर देत नाही, घडलेलं सांगतो. आणि घडलं ते चहावरून. हसू नका. एरवी कीर्तनात चहा मध्यंतराला येतो, आज आख्यानात आलाय, एवढाच फरक.

कुरुंदवाडात त्र्यंबकराव गंधे म्हणून एक गृहस्थ. आडनाव गंधे आणि धंदा उदबत्तीचा! घरामागं लांबट खोली, तिथं चौदा बायका काड्या वळायच्या, आणि मसाला स्वतः त्र्यंबकराव मिसळायचे. वजनकाटा होता, पण तो नावाला. चिमूट नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, ‘वाळा कमी पडलाय.’ पडलेलाच असायचा. असं नाक.

मंडळी, एका पावसाळ्यात त्यांना ताप आला. आठ दिवस होता. ताप उतरला आणि नाक घेऊन गेला. कापूर कळेना, फोडणी कळेना, जळकं दूध कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाही तर नाहीही येणार. रोज निरनिराळे वास घेत राहा. हे काही घेईनात. ज्या माणसाला आयुष्यभर वास आपणहून येत होता, त्यानं तो ओढून बघायचा आणि काहीच मिळू नये, हे सोसत नव्हतं.

तरी मसाला तेच मिसळत राहिले, अंदाजानं. आणि मग एका देवळातून माल परत आला. पुजाऱ्यांनी निरोप दिला होता, या उदबत्तीला नुसता धूर येतो, गंध नाही. शिवी दिली असती तर बरं, असे ते खोलीत बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत जाणं बंद. जेवायचे, पण पोत्यात भुसा भरल्यासारखं. आठ महिने असे गेले. बायका जुन्या प्रमाणानं काम रेटत होत्या आणि खोलीला कुलूप घालायची गोष्ट घरात दोनदा निघून गेली होती.

अशात मुलगा आला, हेरंब. तैवानात नोकरीला, बायको तिकडचीच, नाव पेइशान. पोरगी गोड. पाच वर्षांत मोडकंतोडकं मराठी शिकलेली. महिनाभर राहायला आले आणि तिनं येताना एक डबा आणला चहाचा. ऊलाँग म्हणतात त्याला. आपल्यासारखी भुकटी नव्हे; अख्खं पान थोडं मुरवायचं आणि वळून वळून त्याची गोळी करायची, मिऱ्याएवढी. गरम पाण्यात पडली की ती उलगडत जाते. तळाशी बघाल तर देठासकट पान! दूध नाही, साखर नाही.

रोज तिसऱ्या प्रहरी पेइशान हा चहा करी. छोट्या किटलीत गोळ्या घालायच्या, उकळतं पाणी ओतायचं, पाच अंक मोजायचे — आणि ते पाणी सरळ मोरीत. मग दुसरं पाणी घालून, मिनिटभर थांबून पेल्यात ओतायची.

आता सासूबाई. इंदुमतीबाई म्हणजे चौकस बाई. जोंधळे कुठल्या रानातले हे विचारल्याशिवाय दळायला द्यायच्या नाहीत. त्यांनी तीन दिवस तोंडावर ताबा ठेवला. हे मोठंच तप झालं! चौथ्या दिवशी विचारलं, पहिलं पाणी का टाकतेस? पेइशान म्हणाली, पान धुते. का धुतेस? तर म्हणाली, धुतात.

हेरंब मध्ये पडला. फवारणीचं औषध निघून जात असेल, म्हणाला. इंदुमतीबाई म्हणाल्या, अरे, आपली वांगी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवते तरी मला भरवसा नसतो, आणि हे पाच अंकांत कसं निघेल? तो म्हणाला, आई, सोड ना, त्यांची पद्धत आहे ती.

हे ‘पद्धत आहे’ म्हणजे कसं, मंडळी — दाराला कडी! आत काय आहे बघायचं नाही.

पेइशानला वाटलं, सासूबाई रागावल्या. आपण घरात पाणी वाया घालवतो, आपलं काही चुकलं. दुसऱ्या दिवशी तिनं चहाच केला नाही, वर खोलीत जाऊन बसली. इंदुमतीबाईंच्या लक्षात आलं. गुडघे दुखत होते तरी जिना चढून गेल्या, तिच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “मला राग नाही गं. मला कळत नाही म्हणून विचारते. तुला कळतं का?”

पोरीनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाली, “नाही, आई. मलापण नाही कळत.”

आणि दोघी हसल्या. कुठली कुठली दोन माणसं. ‘मला माहीत नाही’ म्हणाली आणि एका बाजेवर आली.

मग ठरलं, जिनं शिकवलं तिलाच विचारू. पेइशानची आजी, वय चौऱ्याऐंशी, डोंगरावरच्या गावात. फोन लावला. आजी तिकडं त्यांच्या भाषेत बोलत होती आणि पेइशानचा चेहरा बदलत चालला होता. फोन ठेवून तिनं जे सांगितलं ते असं. आजीची आई पानं अंगणात चटयांवर वाळवायची. अंगणाला लागून रस्ता, बैलगाड्यांची धूळ सगळी पानांवर. म्हणून धुवायचे. पुढं पेइशानच्या मामानं बंद खोलीत यंत्रावर चहा करायला घेतला, धूळ संपली. आजीनं धुणं सोडलं त्याला दहा वर्षं झाली. आणि आजीनं नातीलाच विचारलं होतं, तू अजून का धुतेस? मला विचारायचं नाही का?

बघा मंडळी! अपमान कुठं झाला? म्हातारी तर वाट बघत होती, कुणी विचारतंय का म्हणून.

पण गोष्ट इथं संपत नाही. आजीनं आणखी एक सांगितलं होतं. मामा मात्र अजूनही पहिलं पाणी टाकतो. त्याचं म्हणणं, गोळी घट्ट असली तर एक गरम पाणी फिरवलं की पान जागं होतं, मग चहा नीट उतरतो. आता खरं कुणाचं? आजीचं की मामाचं? इंदुमतीबाई म्हणाल्या, करून बघू.

दुसऱ्या दिवशी दोन किटल्या मांडल्या. एकीतलं पान धुवायचं, दुसरीतलं नाही. आणि इंदुमतीबाई म्हणाल्या, ते धुतलेलं पाणी टाकू नको, वाटीत ठेव, तेही चाखू. त्र्यंबकराव तिथंच खुर्चीवर बसलेले. हेरंबनं त्यांना बोलावलं, तर म्हणाले, आंधळ्याला रंग कशाला विचारता. वाटी त्यांच्या हातालगतच्या स्टुलावर ठेवली गेली, ती केवळ दुसरीकडं जागा नव्हती म्हणून.

पेले भरले, चव घेणं सुरू झालं. न धुतलेल्याला सुवास जास्त, धुतलेला जिभेला जास्त गोल. आणि वाद रंगात आला असताना त्र्यंबकराव हळूच म्हणाले, “फूल कुणी आणलंय?”

सगळे थांबले. घरात फूल नव्हतं. त्यांनी मान इकडं वळवली, तिकडं वळवली, लहान मूल आवाज शोधतं तशी. मग वाटी उचलली आणि नाकाशी धरली. इंदुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. तापानंतर पहिल्यांदाच वास आला होता, अगदी पुसट, पण आला होता — आणि तो त्या पाण्याला होता, जे रोज मोरीत जात होतं.

थांबा. चहानं नाक बरं झालं, असं मी म्हणत नाही! उद्या कुणी वाटी घेऊन माझ्या दारात यायचं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, नाक आतून परतत होतंच, कुठला तरी वास पहिला लागायचाच. पण त्र्यंबकरावांनी त्यानंतर रोज वास घेणं सुरू केलं. कापूर, वेलदोडा, ओली माती, वाटीतलं पहिलं पाणी. काही आलं, काही नाही. वर्षभरानं निम्मं नाक परतलं, निम्मं अजून नाही.

त्या निम्म्या नाकानं ते एक दिवस मागच्या खोलीत गेले. चौदा बायका उठून उभ्या राहिल्या. मसाल्याची चिमूट घेतली, हुंगली, आणि आयुष्यात जे कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाले, मला निम्मंच कळतंय, उरलेलं तुम्ही सांगा. शालन चौगुले म्हणून बाई, बावीस वर्षं तिथं काड्या वळणारी. तिनं चिमूट घेतली आणि म्हणाली, ऊद जास्त पडलाय. बरोबर होतं. त्यांनी विचारलं, मग तो परत आलेला माल, तेव्हा तुला कळलं नव्हतं?

शालन खाली बघत म्हणाली, “कळलं हुतं की, अण्णा. पण तुमी इचारलंच न्हाई.”

त्र्यंबकराव तिथं पोत्यावर बसले. मग शालनला म्हणाले, उद्यापासून काट्याजवळ तू बस. आजही तीच बसते, आणि ते शेजारी बसतात.

तर मंडळी, पान धुवावं का? धूळ असेल तर धुवा. गोळी घट्ट असेल, आवडत असेल, तर पाणी फिरवा. चांगलं, स्वच्छ पान असेल तर तो सुवास मोरीला का पाजता? पण हे ठरवायला आधी विचारावं लागतं, आणि मग करून बघावं लागतं.

आता माझं तुमच्याकडं काम आहे. तुमच्या घरात, दुकानात, शेतात एक तरी माणूस असं आहे, ज्याला काहीतरी ठाऊक आहे आणि ज्याला तुम्ही कधी विचारलेलं नाही. डोळे मिटा. आला चेहरा समोर? प्रत्येकाला आला, मला दिसतंय. मलाही आला.

प्रसाद मग घ्या. आधी घरी जाऊन त्या माणसाशेजारी बसा, आणि विचारा.