अकरा पावलं

तपासनीस: बाई, आधी ही खुर्ची. किती दिवस इथे आहे?

बाई: अकरा महिने.

तपासनीस: एकदाही हलवली नाहीत? फरशीवर पायांचे चार गोल उमटलेत.

बाई: केर आजूबाजूने काढते.

तपासनीस: तुम्ही? आम्हाला शिकवताना तुम्हीच म्हणायचात, घरात शिरल्यावर पहिलं काम म्हणजे भुताच्या वाटेत काहीतरी आडवं ठेवा. अडखळलं, वळसा घातला तर ते जाणतं. आरपार गेलं तर नुसता ठसा.

बाई: पाठ आहे रे मला. मीच लिहिलंय ते.

तपासनीस: तेच तर म्हणतोय.

बाई: आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, हेही मीच लिहिलंय. म्हणून तुला बोलावलं.

तपासनीस: अकरा महिन्यांनी.

बाई: हो. अकरा महिन्यांनी.

तपासनीस: बरं, फॉर्म भरू. हसू नका, विचारावं लागतं. कोण?

बाई: नवरा.

तपासनीस: माझ्या लग्नात पान्यांचा संच दिला होता त्यांनी. म्हणाले, भुतं येतील नि जातील, नळ मात्र गळतच राहणार. अजून वापरतो मी तो.

बाई: फॉर्मवर त्याला जागा नाही. पुढे.

तपासनीस: वेळ?

बाई: दुपारी सव्वातीन. पहिल्या पाळीहून यायचे ती वेळ. आधी कडी वाजते. मग दारापासून ओट्यापर्यंत अकरा पावलं. मग एकदा खाकरणं. संपलं.

तपासनीस: दिसत नाहीत?

बाई: नाही. आवाज फक्त. सुट्टीच्या दिवशीही येतात. तेव्हाच मी काय ते समजायला हवं होतं.

तपासनीस: नियम दुसरा. आवाजाला उत्तर द्यायचं नाही. दिलंत का?

बाई: पुढचा प्रश्न विचार.

तपासनीस: बाई.

बाई: कडी वाजली की ‘आलात?’ म्हणते. एवढंच.

तपासनीस: रोज?

बाई: रोज.

तपासनीस: अहो, ते जाणते असतील तर एवढ्यावरही पोसले जातात. जाणत्याला एक शब्द म्हणजे एक जेवण, आणि ते आपल्या ताटातलं, हे कुणी शिकवलं आम्हाला? तुमची हाडं वर आलीत. तुमच्या नणंदबाईंचा मला दोनदा फोन आला. म्हणाल्या, वहिनी कुठे येत नाही, जात नाही. कधीही बोलवा, सव्वातीननंतर बघू म्हणते.

बाई: वन्सं उगीच घोर लावून घेतात. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, म्हणून बारीक झाले. त्याला कुठला वर्ग लावशील?

तपासनीस: तो नाही लावता येत. पण निकालाचे परिणाम आधी मोठ्याने सांगावे लागतात, ते सांगतो. पहिला वर्ग, ठसा. भिंतीवरच्या डागासारखा. त्याला आपण दिसत नाही, कळत नाही. इजा नाही, तेव्हा राहू द्यायचा. दुसरा वर्ग, जाणता. त्याला त्याच दिवशी निरोप. दार उघडून, नाव घेऊन, कायमचा.

बाई: आणि तिसरा? लागट?

तपासनीस: लागट असते तर तुमच्या मागोमाग बाजारापर्यंत आले असते.

बाई: बाजारात ते जिवंतपणीही कधी आले नाहीत.

तपासनीस: आमची ही म्हणते, आपल्या घरातला ठसा मीच. परवा तिने सोफा हलवला आणि मी सवयीने सरळ जाऊन गुडघा आपटला. म्हणाली, ठसा निदान आरपार तरी जातो, तुम्हाला तेही जमत नाही.

बाई: हुशार आहे ती. मला एक सांग. मला कुठला वर्ग हवा असेल, असं तुला वाटतं?

तपासनीस: पहिला. म्हणजे ते इथेच राहतील.

बाई: राहतील. पण मग अकरा महिने ‘आलात?’ मी कुणाला विचारत होते?

तपासनीस: बाई...

बाई: आणि दुसरा निघाला, तर त्यांनी ते रोज ऐकलंय. रोज. आणि आज तू दार उघडशील. म्हणून खुर्ची हलवली नाही. आता तरी कळलं?

तपासनीस: कळलं.

बाई: ही खुर्ची वाटेत आली की ते थांबायचे. म्हणायचे, तुझी खुर्ची आणि माझा अंगठा, यांचा एकदा निकाल लावायला हवा. मग बाजूला सरकवायचे. एकदाही न बोलता पुढे गेले नाहीत.

तपासनीस: कुठे ठेवू?

बाई: सहाव्या पावलावर. त्या खिडकीसमोर. अजून थोडी अलीकडे. हां.

तपासनीस: तीन बारा झाले. आवाज टिपायचं यंत्र सुरू केलंय. तुम्ही भिंतीशी बसा. कडी वाजली तरी बोलायचं नाही.

बाई: माहीत आहे.

तपासनीस: खरंच नाही, बाई.

बाई: तोंडावर हात धरते. झालं?

(कडी वाजते. पावलं. मग एकदा खाकरण्याचा आवाज.)

तपासनीस: हात काढा आता. मोजलीत?

बाई: माझी मोजणी धरायची नसते. तू सांग.

तपासनीस: अकरा.

बाई: सहावं?

तपासनीस: थांबले नाहीत. पाचवं, सहावं, सातवं, सारख्या अंतराने. यंत्रात आलंय. ऐकवू?

बाई: नको. ऐकलं मी.

तपासनीस: उद्या परत येतो. तीनदा करायची असते.

बाई: शंका असेल तर तीनदा. तुला शंका आहे?

तपासनीस: नाही.

बाई: मग लिही. पहिला वर्ग. धोका नाही.

तपासनीस: लिहिलं. इथे सही करा. आणि रविवारी आमच्याकडे जेवायला या. सोफा अजून तिथेच आहे, मला आपटताना बघता येईल.

बाई: येईन. सव्वातीननंतर... नाही, कधीही येईन. तू म्हणशील तेव्हा.

तपासनीस: निघतो मग. थांबा, खुर्ची जागेवर ठेवून जातो.

बाई: राहू दे तिथेच. तिथे उजेड चांगला येतो.