बर्फाच्या लादीवरची मॅट

अरे, तू हसशील, पण माझी खरंच फाटलेली. बर्फातला ट्रेक, तंबूत झोपायचं, त्यात माझी कंबर ही असली. हवा भरायची मॅट घेतलेली. दुकानदार म्हणाला, "खालून थंडी लागणारच नाही." पण वर गेल्यावर लागली तर? तिथे कोणाला सांगू?

म्हटलं, डोंबिवलीतच बघून घेऊ. आमच्या मासेवालीला सांगून बर्फाच्या दोन लाद्या मागवल्या, हॉलमध्ये प्लॅस्टिकवर मांडल्या, वर मॅट टाकली आणि कानटोपी घालून डोळे मिटून पडलो. थंडीची वाट बघत राहिलो. आता लागेल, मग लागेल.

लाद्या जिन्यातून वर येताना समोरच्या काकांनी बघितलेल्या. आपल्याकडे घरात बर्फाची लादी कधी येते रे? लांबचे नातेवाईक पोचेपर्यंत मयत ठेवायला! काका चपला बाहेर काढून आत आले, मला बघितलं आणि हात जोडून माझ्या बायकोला विचारलं, "किती वाजता काढायचं?"

मला वाटलं, मॅटचं विचारतायत. मी डोळे न उघडताच म्हटलं, "अर्धा तास तरी राहू द्या काका, अजून गार नाही पडलो."