भज्जीतला चिंचोका

वर्षाराणी : वरचं बटण तरी उघड की दादा. एवढं ऊन, अन् हा गळ्यापर्यंत बंद. बघणाऱ्यालाच गुदमरायला होतं.

संगमेश्वर : थंडी हाय.

वर्षाराणी : थंडी! दुपारचे बारा वाजलेत. शेतातल्या कडब्याच्या कोपीत बसून घाम सुटलाय तुला. वर्ष झालं बघून राहिले, उन्हाळा असो की पावसाळा, तुझं ते बटण काही सुटत नाही.

संगमेश्वर : तू जेव की. सारखं माझ्या गळ्याकडं काय बघतीस?

गुरम्मा : भांडू नगा बाई. येळवसच्या, वेळ अमुशाच्या दिशी भांडलं की वरीसभर भांडत ऱ्हावं लागतंय. ऊट माडरी, ऊट. जेवा पोटभर. अण्णा, भज्जी वाढू का अजून?

संगमेश्वर : वाढा थोडी.

वर्षाराणी : थांबा गुरम्माबाई, आधी फोटो. भाकरी जरा अशी सरकवा. आंबिलीचं मडकं पुढं घ्या. तुम्ही पण दिसा की! पदर काय तोंडावर घेता? निलंग्यात खानावळ चालवणाऱ्या बाईनं एवढं लाजावं?

गुरम्मा : खानावळीत कुणी माझं तोंड बघाया येत न्हाई ताई. ताट बघतेत. आन् ह्ये फोटू कुणाला दावणार?

वर्षाराणी : फोनवर आमचं एक पान आहे, ‘भावाबहिणीचं ताट’. मी लातूरला शाळेत शिकवते. हा माझा थोरला भाऊ, नांदेडला भांड्यांचं दुकान आहे याचं. दर रविवारी कुठंतरी मधल्या गावात भेटायचं, तिथली खानावळ शोधायची, जेवायचं आणि लिहायचं. उदगीर झालं, देगलूर झालं, अहमदपूर, धर्माबाद. अकरा हजार माणसं वाचतात. मी लिहिते, हा मान हलवतो.

संगमेश्वर : पेट्रोल मी भरतो.

वर्षाराणी : ते पण लिहीन एकदा.

गुरम्मा : अन् आज तर रविवार न्हाई.

वर्षाराणी : आज खानावळ बंद, शेतावर या म्हणालात ना तुम्ही फोनवर. येळवसची भज्जी, सगळ्या डाळी-पाल्याची, सोडायची म्हणजे पाप. पण गुरम्माबाई, सकाळी लातूर बघायला हवं होतं तुम्ही. अख्खं गाव शेतात जेवायला निघून गेलेलं. गंजगोलाईच्या बाजारात चिटपाखरू नाही. शटरं खाली. सिग्नल आपला लाल होतोय, हिरवा होतोय, कुणासाठी कोण जाणे. एका दुकानाच्या पायरीवर एक बाई बसलेली दिसली. गाडी हळू केली, तर गोणपाट.

संगमेश्वर : मला सांगितलं न्हाईस.

वर्षाराणी : गोणपाटाचं काय सांगायचं?

संगमेश्वर : हाव. त्याचं काय सांगायचं.

(तो चावता चावता थांबतो. हात ताटातच राहतो.)

गुरम्मा : काय झालं अण्णा? खडा लागला का? डाळी चांगल्या निवडल्या व्हत्या की म्या.

संगमेश्वर : काही न्हाई. पाणी द्या.

वर्षाराणी : गिळू नकोस.

संगमेश्वर : काय?

वर्षाराणी : तोंडात जे आहे ते गिळू नकोस दादा. हातावर काढ.

संगमेश्वर : वर्षे, चारचौघांत…

वर्षाराणी : तिघंच आहोत. काढ.

गुरम्मा : अगं बया. चिंचोका!

वर्षाराणी : उदगीरला आमटीत होता. देगलूरला कढीत होता. कढीत कुणी चिंच घालतं का हो? अहमदपूरला तर हुग्गीत. गव्हाच्या खिरीत चिंचोका! दर वेळी तू असाच थांबतोस, पाणी मागतोस अन् घटकन गिळतोस. मला वाटायचं दाढ दुखती. मग एकदा नीट बघितलं. पण बोलले नाही.

संगमेश्वर : खानावळी हायेत. येतो एखादा चिंचोका. कोण बघून टाकतंय?

गुरम्मा : आवं पण माझ्या भज्जीत चिंचच न्हाई. आंबटाला चुका घातलाय आन् ताक. चिंच घरात बी न्हाई, शप्पत सांगते. कुठून आला ह्यो?

वर्षाराणी : आमची आई घालायची. उमाबाई नाव तिचं. येळवसच्या भज्जीत एक चिंचोका, धुऊन, मोजून एकच. ज्याच्या ताटात निघेल त्यानं दिवस मावळेपर्यंत खोटं बोलायचं नाही. आमच्या घरातलाच नेम, दुसऱ्या कुणाकडं बघितला नाही. बाबांना निघाला की आई त्यांना अख्ख्या वर्षाचं विचारून घ्यायची. बाबा पुढं पुढं भज्जी चाळून खायला लागले.

गुरम्मा : आन् आता? आई हायती का?

वर्षाराणी : हरवली. नांदेडला दादाकडं असायची. विसरायला लागली होती. तवा तापत ठेवायचा अन् देवळात जाऊन बसायचं. एक दिवस सकाळी घरातून निघाली ती परत आली नाही. दोन दिवाळ्या गेल्या आता.

गुरम्मा : आगागा.

वर्षाराणी : फोटो घेऊन दारोदार हिंडायला जीव धजेना. मग मी म्हटलं, आई कुठं जाईल? जिथं चूल पेटलेली असेल तिथं जाईल. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरून भाकऱ्या थापत बसली असेल. म्हणून हे पान काढलं. जेवायचं निमित्त. जाता जाता विचारायचं, तुमच्याकडं एखादी म्हातारी राबायला आहे का. लंगरमध्ये बघितलं, मठात बघितलं, लग्नाच्या कार्यालयांत मागच्या दारानं जाऊन बघितलं. लोक विचारतात, ताई तुमची आवडती जागा कोणती? काय सांगू त्यांना.

गुरम्मा : आन् पोलिसात?

वर्षाराणी : दिलं होतं की. अकराव्या दिवशी एक बाई सापडली. गोदावरीच्या काठाला. दवाखान्यात दादा एकटाच जाऊन बघून आला. आई नव्हती.

संगमेश्वर : न्हवती.

वर्षाराणी : मी विचारलं होतं, त्या बाईच्या गळ्यात आपल्या लिंगायतांचं इष्टलिंग होतं का. तू म्हणालास, बघितलं न्हाई.

संगमेश्वर : आज जेवणात हे कशाला काढायलीस?

वर्षाराणी : कोण होती कोण जाणे बिचारी. बेवारस म्हणून जाळून टाकलं तिला.

गुरम्मा : जाळलं? आन् आपल्यातली आसती म्हंजे? आपल्यात बसवून माती देतेत, हातात लिंग ठिवून. जाळलेल्याला कुठं थारा मिळतोय आपल्यात.

संगमेश्वर : निघू आपण. उशीर होईल नांदेडला.

वर्षाराणी : बारा वाजलेत दादा.

गुरम्मा : जराशी थांबा अण्णा. चिंचोक्याचंच मला ध्यानात येऊन राहिलंय. सकाळी एक बाई आली व्हती.

वर्षाराणी : कुठं? इथं?

गुरम्मा : ह्या चुलीम्होरं. दव बी उडालं नव्हतं. आमचे मालक, नागप्पा, शेताभवती आंबील शिंपायला गेल्ते, मी एकली. मागं वळले, तर उभी. म्हणली, ढवळू का? म्या म्हणलं, ढवळा की माय. येळवसला रानात आलेल्याला कुणी न्हाई म्हणत न्हाई. पळी घेतली आन् लागली. हात आसा चाललाता, घरच्यावाणी. बुडातून वर, बुडातून वर.

वर्षाराणी : डाव्या हातानं?

गुरम्मा : हाव! तुम्हाला कसं ठावं?

वर्षाराणी : दादा, ऐकून राहिलास ना?

संगमेश्वर : डावखुऱ्या बाया काय कमी हायेत?

गुरम्मा : पायाकडं बघितलं, तर लुगड्याच्या काठातून पाणी गळायलंय. म्या म्हणलं, ओढ्यातून आलाव का? म्हणली, न्हाई, नदीकडून. आता हिकडं कुठली आली नदी? आन् आमचा ओढा तर कार्तिकातच आटला. बघा, तिथं उभी व्हती, चुलीच्या उजव्या अंगाला. त्ये ढेकूळ अजून वाळलं न्हाई.

वर्षाराणी : ऊन तर तिथंच पडलंय.

गुरम्मा : त्येच म्हणते मी. दोनदा राख टाकली. राख बी वली झाली.

वर्षाराणी : जेवली का ती? काहीतरी खाल्लं असेल की.

गुरम्मा : लई आग्रह केला. न्हाई म्हणली. म्हणली, माझी दोन लेकरं मागून येऊन राहिलीत, त्यास्नी वाढ. म्या म्हणलं, बसा तरी. बसली न्हाई. मी भाकरी उलथाया वळले, तर ह्ये एवढं मोकळं रान, आन् कुणी न्हाई. मला वाटलं गेली आसंल बांधाकडं.

संगमेश्वर : येड लागलेली आसंल. येळवसला येतात आसले लोक, जेवायला.

वर्षाराणी : जेवली नाही म्हणतायत त्या.

गुरम्मा : येडी नव्हती अण्णा. आपल्यातलीच वाटली. कपाळाला इभूत व्हती. पण गळा मोकळा. लिंग न्हाई. माझं तोंड फटकळ, म्या टोकलंच. म्हणलं, माय, ह्या वयात लिंग न घालता रानोमाळ हिंडतीस? तशी हासली. म्हणली, हाय की. माझ्या थोरल्याच्या गळ्यात हाय.

(वर्षाराणी फोन खाली ठेवते आणि भावाच्या गळ्याकडं बघते.)

गुरम्मा : काय झालं? काय चुकीचं बोलले का मी?

वर्षाराणी : दादा, बटण उघड.

संगमेश्वर : वर्षे, ऐक माझं.

वर्षाराणी : नंतर ऐकते. बटण.

संगमेश्वर : तू गाडीत चल, सांगतो.

वर्षाराणी : तू उघडतोस की मी उठू?

गुरम्मा : अण्णा, उघडा की. बहीण उठायली बघा.

वर्षाराणी : दोन दोरे आहेत. एक तुझा. हा दुसरा… आण इकडं. नाही, नको काढूस, गळ्यातच राहू दे. ही आईच्या लिंगाची चांदीची डबी धर्माबादच्या सोनाराकडून बाबांनी करून आणलेली. कोपरा चेपलाय बघा गुरम्माबाई. दात येताना मी चावलाय तो. आई सगळ्यांना दाखवायची, माझ्या वर्षाचा पहिला दात.

गुरम्मा : शिवा, शिवा.

वर्षाराणी : कुठं मिळाली तुला?

संगमेश्वर : घरात होती. कपाटात. ती गेली तवा काढून…

वर्षाराणी : दादा, तुझ्या हातात चिंचोका आहे.

(संगमेश्वर मूठ उघडून चिंचोक्याकडं बघतो.)

वर्षाराणी : दिवस मावळायला अजून वेळ आहे. मी बसते. गुरम्माबाई, तुम्ही पण बसा.

संगमेश्वर : शेगडी उचलून दुकानात नेली होती मी. त्या सकाळी. आदल्या दिवशी कुकर जाळला होता तिनं, पडदा पेटला होता. म्या म्हणलं, आजपासून चुलीकडं फिरकायचं न्हाई. ती म्हणली, मग मी कशाला हाय रे? म्या म्हणलं, बसून ऱ्हा. अन् दुकानात गेलो. तिला बसून राहायला येत न्हाई, हे काय मला ठावं न्हवतं?

वर्षाराणी : मला फोन करून सांगितलं होतंस शेगडीचं. मी म्हणाले, बरं केलंस. ‘लातूरला पाठव तिला’ असं काही म्हणाले नाही. ते मला रोज आठवतं. पण मी ते नाही विचारलं.

संगमेश्वर : तू दर रविवारी येतीस. आई कुठंतरी हाय आसं धरून येतीस. गाडीत बडबड करतीस, फोटू काढतीस, हासतीस. म्या बोललो आसतो तर तू कशाला आली आसतीस? माझं तोंड तरी बघितलं आसतंस का?

वर्षाराणी : म्हणून मला वर्षभर जेवू घातलंस?

संगमेश्वर : प्रत्येक ताटात ती मला विचारायली, वर्षे. प्रत्येक ताटात. मी गिळून राहिलो.

गुरम्मा : ताई… त्ये ढेकूळ बघा. पाणी वर येऊन राहिलंय.

वर्षाराणी : बघितलं. येऊ द्या. दादा, माझ्याकडं बघून बोल.

संगमेश्वर : दवाखान्यातल्या माणसानं चादर काढली अन् बाहेर गेला. मी एकलाच होतो. तिच्या गळ्यातला लिंगाचा दोरा काढून खिशात घातला. चादर पुन्हा वर ओढली. त्यानं कागद पुढं केला, म्हणला, ओळखता का?

वर्षाराणी : मग?

संगमेश्वर : आईच होती ती. ओळखत न्हाई म्हणून म्याच सही केली.