फुकटचा पहिला डाव

मी चौथी नापास, पण अमेरिकेतली कंपनी मले बरोबर कळली गा. पोरगा न्यू जर्सीत राहते. परवा फोनवर म्हणे, "बाबा, इथं मॅचवर पैसे लावणं कायदेशीर हाय. ॲपवर खातं खोललं. पहिला डाव कंपनीकडून फुकट!"

"अन् दुसरा?"

"घरासाठी जमवले, त्यातले थोडे लावीन."

"अबे, लकडगंजात चाळीस वर्सं लाकडं उचलली म्या. जो शेठ आधी चहा पाजते, तो मापात मारते. चहा पी अन् उठ."

पोरगा फुकटचा डाव हरला अन् तिथंच खातं बंद केलं. म्या गल्लीत पेढे वाटले.

बायको म्हणे, "पोरगा हरला, अन् पेढे काहून वाटून राहिले?"

"हरल्यावर उठणारा आपल्या खानदानात हाच पहिला हाय वं!"